आरमारातला वैमानिक

डिसेंबर १९७१. रावळपिंडीजवळच्या चकलाला विमानतळावर एक छोटं, दोन इंजिनांचं बीचक्राफ्ट विमान उभं होतं. ते पाकिस्तानचं नव्हतं, अमेरिकेचं होतं. आणि ते वापरणारा माणूस साधासुधा नव्हता. चक यीगर, १४ ऑक्टोबर १९४७ रोजी आवाजाच्या वेगाची भिंत ओलांडणारा जगातला पहिला वैमानिक. १९७१ मध्ये तो अमेरिकेचा लष्करी प्रतिनिधी म्हणून पाकिस्तानात होता आणि या बीचक्राफ्टमधून इकडेतिकडे फिरायचा.

युद्ध सुरू झाल्यावर भारताची हंटर विमानं चकलालावर येऊन गेली, आणि त्या हल्ल्यात यीगरसाहेबांचं विमान जळालं. ते स्वतः त्यात नव्हते, पण असे भडकले की विचारू नका. तेव्हा इस्लामाबादच्या अमेरिकन वकिलातीत असलेले एडवर्ड इंग्रॅम यांनी १९८५ मध्ये ही गंमत लिहून ठेवली आहे. यीगरची समजूत अशी झाली होती की, त्या भारतीय वैमानिकाला खुद्द इंदिरा गांधींनी नेमकं आपलंच विमान उडवायला धाडलं होतं.

इंदिरा गांधींना त्या आठवड्यात बरीच कामं होती. हल्ला करणाऱ्या वैमानिकाला तर ते विमान कुणाचं आहे याचा पत्ताच नव्हता. त्याचं नाव लेफ्टनंट अरुण प्रकाश, वय सत्तावीस. पुढे त्यांनीच हा किस्सा मोठ्या मिश्कीलपणे सांगितला.

आता 'लेफ्टनंट' या शब्दाकडे जरा बघा. हवाई दलात नुसता लेफ्टनंट नसतो, 'फ्लाइट लेफ्टनंट' असतो. हा गडी हवाई दलाचा नव्हताच, नौदलाचा होता. समुद्रापासून हजारएक किलोमीटर दूर, पंजाबातून उडून, हवाई दलाचं विमान घेऊन नौदलाचा माणूस पाकिस्तानच्या विमानतळावर बाँबगोळ्यांचा मारा करत होता. या कामगिरीसाठी त्यांना वीरचक्र मिळालं. तेहतीस वर्षांनी, ३१ जुलै २००४ रोजी, ते भारताचे नौदलप्रमुख झाले.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा यीगरच्या रागावर हसून झालं, पण नंतर दुसराच प्रश्न डोक्यात बसला. नौदलाचा माणूस तिथे काय करत होता?

आम्हा कोल्हापूरकरांना हा प्रश्न पडणं साहजिक आहे, कारण आमच्याकडे 'मिलिटरी' म्हटलं की एकच चित्र डोळ्यांसमोर येतं. पायदळ. मराठा लाइट इन्फन्ट्री, बेळगावचं सेंटर, कोल्हापुरातली टेरिटोरियल आर्मीची बटालियन. शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी हे गाव तर नावातच सैनिक घेऊन बसलंय. भरतीच्या दिवसांत पहाटे मैदानात पळणारी पोरं बघा. त्यांतल्या बहुतेकांच्या मनात समुद्र नसतो. समुद्र म्हणजे घाट उतरून गेलं की मालवण, गोवा, मासे आणि सुट्टी.

खरं तर कोल्हापूरला स्वतःचं आरमार होतं. शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग पुढे करवीरकर छत्रपतींकडे होता. मालवणच्या बंदरातून त्यांची गलबतं निघायची आणि इंग्रजांच्या कागदांत त्यांना 'चाचे' म्हटलेलं सापडतं. आपलं जहाज पकडलं की समोरचा चाचा, आपण पकडलं की तो व्यापाराचा बंदोबस्त! ही इंग्रजांची जुनी रीत. १८१२ च्या तहात मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग इंग्रजांकडे गेले आणि कोल्हापूरचा समुद्राशी असलेला राजकीय संबंध तिथे तुटला. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलाच्या निशाणावरून इंग्रजी क्रॉस गेला आणि शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आली, तेव्हा आमच्याकडे व्हॉट्सॲपवर स्टेटसचा पाऊस पडला. पण त्या निशाणाखाली माणसं नेमकं काय काम करतात, याची माहिती अजूनही घाटाखालीच राहिली आहे. त्यातही नौदलातला वैमानिक ही जात आम्हाला सगळ्यात कमी ठाऊक.

तर आधी त्या कामाबद्दल.

कोल्हापूरची उजळाईवाडीची धावपट्टी बरीच वर्षं 'लहान' म्हणून बदनाम होती. मोठी विमानं उतरत नाहीत, धावपट्टी वाढवा, अशा बातम्या आपण वाचत आलो. ती लहान धावपट्टी सुमारे १,३७० मीटर होती. भारताची पहिली विमानवाहू नौका 'आयएनएस विक्रांत' नाकापासून शेपटीपर्यंत मोजली तर सुमारे २१३ मीटर. म्हणजे उजळाईवाडीच्या त्या 'लहान' धावपट्टीवर सहा विक्रांत एकामागे एक उभ्या राहिल्या असत्या. विमानाला उतरायला तेवढी अख्खी लांबीही मिळत नाही, त्यातला एक तिरका पट्टा मिळतो. शिवाय धावपट्टी जागची हलत नाही. नौका पुढे जात असते, वरखाली होत असते, डावी-उजवीकडे कलत असते.

एवढ्याशा जागेत जेट विमान थांबतं कसं? विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो. डेकवर आडव्या पोलादी तारा ताणून ठेवलेल्या असतात. आकडा एका तारेत अडकला की विमान दोन-तीन सेकंदांत जागच्या जागी थांबतं. यातली सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे चाकं डेकला टेकली की वैमानिक इंजिनाची ताकद कमी करत नाही, पूर्ण वाढवतो. कारण आकडा हुकलाच, तर पुढे डेक संपतो आणि खाली पाणी असतं. परत उडायला वेग हवा. थांबायच्या क्षणी पळायची तयारी ठेवायची. रात्री हेच काम करायचं तर समुद्रात सगळीकडे काळोख आणि मध्ये काही दिव्यांचा ठिपका, एवढंच दिसतं.

१८ मे १९६१ रोजी विक्रांतच्या डेकवर पहिलं जेट विमान उतरलं. नौका तेव्हा नुकतीच, ४ मार्चला, बेलफास्टमध्ये नौदलात दाखल झाली होती आणि अजून भारतात यायची होती. वैमानिक होते लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी. फ्रान्समधून टेस्ट पायलटचं शिक्षण घेतलेला हा माणूस पुढे विक्रांतचा कप्तान झाला आणि १९८४ च्या अखेरीस नौदलप्रमुख. वैमानिकानं त्या खुर्चीत बसायची ती पहिली वेळ. फॅशनच्या दुनियेत तरुण ताहिलियानी हे नाव तुम्ही ऐकलं असेल, ते यांचे चिरंजीव. बापानं डेकवर विमान उतरवलं आणि मुलानं रॅम्पवर कपडे, असा फालतू विनोद माझ्या मनात येतोच, तो इथेच सोडून देतो.

पहिलं जेट उतरल्यापासून पहिला वैमानिक नौदलप्रमुख होईपर्यंत तेवीस वर्षं गेली. हवाई दलाचा प्रमुख वैमानिक असणं ही जगरहाटी आहे. नौदलात तसं नाही. नौदल म्हणजे मुळात जहाज. जहाज चालवता येत नाही, त्याचा कप्तान होता येत नाही, तर ॲडमिरल कसला? त्यामुळे नौदलातल्या वैमानिकाला दोन शिड्या एकदम चढाव्या लागतात. एका शिडीवर विमान: प्रशिक्षण, स्क्वाड्रन, उड्डाणाचे तास, डेकवर उतरण्याचा सराव. दुसऱ्या शिडीवर जहाज: ब्रिजवर उभं राहून पहारा, दिशादर्शन, तोफा, माणसं, आणि मग एकेका नौकेची कप्तानी. हवाई दलातला त्याचा दोस्त तेवढ्याच वर्षांत सलग उडत असतो. हा मात्र तीन वर्षं उडतो, दोन वर्षं जहाजावर जातो, परत येऊन हात साफ करतो, तोवर नवं विमान आलेलं असतं. गाणं शिकणाऱ्याला मध्येच दोन वर्षं तबल्याला बसवल्यासारखं हे आहे. काहींचं गाणं बिघडतं. ज्यांचं बिघडत नाही, त्यांना मैफल पूर्ण कळते.

अरुण प्रकाश यांचा जन्म १९४४ चा, काश्मीरमधल्या अनंतनागचा. समुद्र पाहायला मैलोन् मैल जावं लागेल अशा गावातला मुलगा पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आला आणि त्यानं नौदल निवडलं. कोल्हापूर समुद्रापासून लांब आहे असं म्हणणाऱ्यांनी नकाशावर अनंतनाग शोधून बघावं.

खडकवासल्याची खासियत अशी की तिथे भूदल, नौदल आणि हवाई दल या तिघांचे कॅडेट तीन वर्षं एकाच मेसमध्ये जेवतात, एकाच मैदानात रगडले जातात. नंतर वाटा फुटतात, आणि पुढची पस्तीस वर्षं हे जुने मित्र दिल्लीत बजेटसाठी एकमेकांशी भांडतात. थट्टा नाही, हे भांडण खरं आहे. आणि अरुण प्रकाश यांचं सगळं आयुष्य या भांडणाच्या कुंपणावर गेलं. मला त्यांच्या कारकिर्दीत सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं.

हे भांडण समजायला एक विमान बघूया. गोव्यात बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाताना नौदलाचं विमान संग्रहालय लागतं. कोल्हापूरहून आंबोली घाटानं गोव्याला जाणाऱ्या शेकडो गाड्या दर आठवड्याला किनाऱ्यांकडे वळतात, त्यांतल्या फार थोड्या इथे थांबतात. मी थांबलो, कारण बरोबरच्यांना भूक लागायला अजून वेळ होता. अंगणात सी हॉक आहे, अलिझे आहे, सी हॅरियर आहे. आणि सगळ्यांना झाकून टाकणारं एक प्रचंड, चार पंख्यांचं, डॉल्फिनसारख्या पाठीचं विमान आहे. सुपर कॉन्स्टेलेशन. हे मूळचं प्रवासी विमान. एअर इंडियानं वापरलं, मग हवाई दलाकडे गेलं, तिथे त्याला समुद्रावर नजर ठेवायचं काम मिळालं.

आता प्रश्न असा, की समुद्रावर लांबवर टेहळणी करणारं विमान कुणाचं? विमान आहे म्हणून हवाई दलाचं, की समुद्र आहे म्हणून नौदलाचं? तुम्हाला-मला हा प्रश्न पोरकट वाटेल. दिल्लीत तो वर्षानुवर्षं चालला. नौदलाचं म्हणणं होतं की खाली जे दिसतंय ते मालवाहू जहाज आहे, मच्छीमार ट्रॉलर आहे की शत्रूची फ्रिगेट, हे ओळखायला समुद्रात आयुष्य काढलेला डोळा हवा. हवाई दलाचं म्हणणं होतं की देशाकडे विमानं थोडी आहेत, ती एकाच हाताखाली असलेली बरी. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. शेवटी १९७६ मध्ये ही विमानं नौदलाकडे आली. मी त्या धुडाखाली उभा राहून वर बघत होतो, तेव्हा शेजारी एक बाप आपल्या पोराला सांगत होता, "हे आपलं सगळ्यात मोठं लढाऊ विमान." मी काही बोललो नाही. पोरगं खूश होतं.

या पार्श्वभूमीवर १९७१ चा तो तरुण लेफ्टनंट पुन्हा बघा. नौदलाच्या वैमानिकांना उडायला शिकवायचं ते हवाई दलच, आणि काही जणांना अनुभवासाठी हवाई दलाच्या स्क्वाड्रनमध्ये पाठवलं जायचं. अरुण प्रकाश असेच २० स्क्वाड्रनमध्ये होते, विंग कमांडर सेसिल पार्कर यांच्या हाताखाली. पार्कर यांना त्या युद्धात महावीरचक्र मिळालं. तिकडे बंगालच्या उपसागरात विक्रांतवरून सी हॉक आणि अलिझे विमानं कॉक्स बाजार, चितगाव या बंदरांवर तुटून पडत होती. विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला होता, वेग कमी होता, आणि वेग कमी म्हणजे विमानाला उडायला मिळणारा वारा कमी. युद्धाआधी तिला धक्क्यालाच बांधून ठेवावं असं म्हणणारे कमी नव्हते. ती गेली आणि पूर्वेचा समुद्र तिनं बंद करून टाकला. कप्तान स्वराज प्रकाश आणि सी हॉक स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता, या दोघांना महावीरचक्र मिळालं.

आपली नौका लढतेय, आपली स्क्वाड्रन लढतेय, आणि आपण पंजाबात दुसऱ्याच्या घरी. त्या वयात हे मनाला लागलं नसेल असं मी म्हणणार नाही. पण त्या दुसऱ्याच्या घरी त्यांना जे दिसलं ते नौदलातल्या फारच थोड्या अधिकाऱ्यांना दिसलं होतं: हवाई दल युद्ध आतून कसं लढतं, कसा विचार करतं, कुठे चिडतं. पुढे या दोन दलांत वाद झाले तेव्हा समोरच्या बाकावर बसलेल्यांच्या जेवणाच्या सवयीही या माणसाला ठाऊक होत्या.

सत्तरचं दशक सरलं तोवर सी हॉक थकले होते. १९७८ मध्ये विक्रांतवरून ते उतरले आणि काही वर्षं भारताच्या विमानवाहू नौकेवर एकही जेट लढाऊ विमान नव्हतं. भाडेकरू नसलेल्या वाड्यासारखी अवस्था. विमानवाहू नौका हा पांढरा हत्ती आहे, विकून टाका, त्या पैशात पाणबुड्या घ्या, असं म्हणणारे नौदलातही होते. त्यावर उत्तर म्हणून आलं सी हॅरियर. नोव्हेंबर १९७९ मध्ये ब्रिटनला ऑर्डर गेली. सहा एक आसनी आणि दोन सरावाची. ते चालवणाऱ्या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची, म्हणजे 'व्हाइट टायगर्स'ची, सूत्रं अरुण प्रकाश यांच्याकडे आली.

सी हॅरियर हे विमानांच्या जगातलं वेगळंच जनावर. बाकी विमानं आधी उतरतात आणि मग थांबतात. हॅरियर आधी हवेत थांबतं आणि मग उतरतं. इंजिनाच्या गरम झोताची तोंडं खाली वळवता येतात. झोत जमिनीकडे वळवला की विमान त्याच्यावर उभं राहतं. ना तार हवी, ना आकडा. लहानशा विक्रांतसाठी हे वरदानच. पण डाव्या हाताला दोन दांडे: एक इंजिनाच्या ताकदीचा, दुसरा झोताच्या दिशेचा. दोन्ही शेजारी-शेजारी. गडबडीत भलताच दांडा हलला तर विचार करायलाही वेळ मिळत नाही. शिवाय हवा तापली की इंजिनाची ताकद घटते, आणि आपला समुद्र काही इंग्लंडसारखा गार नाही.

भारतीय वैमानिक ब्रिटनमध्ये हे विमान शिकत होते तेव्हा फॉकलंडचं युद्ध नुकतंच संपलं होतं. १९८२ मध्ये ब्रिटननं हे युद्ध याच सी हॅरियरच्या जोरावर आणि 'एचएमएस हर्मिस' या नौकेवरून लढलं. म्हणजे शिकवणारे गुरुजी युद्धाहून ताजे ताजे परतलेले. १६ डिसेंबर १९८३ रोजी, बांगलादेश विजयाच्या बाराव्या वर्धापनदिनी, ब्रिटनहून टप्प्याटप्प्यानं उडत आलेली पहिली तीन सी हॅरियर गोव्यात दाबोळीला उतरली. चारच दिवसांत सी हॅरियर विक्रांतच्या डेकवर होतं.

इथे टाळ्या वाजवून पुढे जाणं सोपं आहे. पण हिशेब पूर्ण मांडायला हवा. नंतर आणखी विमानं घेतली गेली, आणि २०१६ मध्ये सी हॅरियर निवृत्त झालं तोवर घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत गेली होती. त्यांच्याबरोबर काही वैमानिकही गेले. शांततेच्या काळात, सराव करताना. यातल्या कुणाचंही नाव तुमच्या-माझ्या गावातल्या चौकाला नाही. युद्धात मेलेल्याला आपण हुतात्मा म्हणतो आणि सरावात मेलेल्याला 'अपघात', हे मला अजून पटलेलं नाही. कारण डेकवरच्या वैमानिकासाठी सराव आणि युद्ध यांतलं अंतर फार थोडं असतं. समुद्र दोन्ही दिवशी सारखाच वागतो.

ज्या हर्मिसवरून फॉकलंड लढलं गेलं, ती भारतानं १९८६ मध्ये विकत घेतली आणि १२ मे १९८७ रोजी ती 'आयएनएस विराट' झाली. तेव्हा नौदलप्रमुख ताहिलियानी होते, म्हणजे पहिलं जेट उतरवणाऱ्याच्याच कारकिर्दीत दुसरी नौका आली. पुढे विराटची कप्तानी अरुण प्रकाश यांच्याकडे आली. एकूण चार युद्धनौकांचे ते कप्तान झाले. दुसरी शिडी त्यांनी अशी पूर्ण चढली. विमानवाहू नौकेचा कप्तान स्वतः वैमानिक असला की काय फरक पडतो? वरून येणाऱ्या पोराकडे किती मिनिटांचं इंधन उरलंय आणि त्याच्या पोटात कसा गोळा आला असेल, हे ब्रिजवर उभ्या असलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही.

नंतरचा प्रवास मी भरभर सांगतो, कारण बढत्यांची यादी वाचण्यात मजा नाही. पूर्व ताफ्याचे प्रमुख, मग ज्या खडकवासल्यात शिकले तिथलेच कमांडंट. आणि २००१ मध्ये एक असं पद, जे आधी अस्तित्वातच नव्हतं. कारगिलनंतर सरकारला पटलं की तिन्ही दलं आपापल्या खोलीत बसून लढतात ते बरं नाही. प्रयोग म्हणून अंदमान-निकोबारमध्ये तिन्ही दलं आणि तटरक्षक दल एका प्रमुखाच्या हाताखाली आणायचं ठरलं. त्या कमांडचे पहिले प्रमुख व्हाइस ॲडमिरल अरुण प्रकाश. हवाई दलाच्या विमानात लढलेला, तिन्ही दलांच्या शाळेचा मुख्याध्यापक राहिलेला खलाशी. दुसरा कोण मिळणार होता?

कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात एका दलाच्या अधिकाऱ्यानं दुसऱ्या दलाच्या माणसांना हुकूम द्यायचा म्हणजे काय, हे ज्यानं गावात दोन तालमींचं एकत्र मंडळ करून बघितलंय त्याला कळेल. मिरवणूक एक, पण ट्रॅक्टर कुणाचा पुढे?

२००४ च्या जुलैमध्ये ते नौदलप्रमुख झाले आणि पाच महिन्यांत, २६ डिसेंबरला, त्सुनामी आली. कार निकोबारचा हवाई दलाचा तळ लाटेखाली गेला, तिथे शंभराहून अधिक माणसं, जवान आणि त्यांची कुटुंबं, वाहून गेली. अंदमानची ती सगळी बेटं, धक्के, धावपट्ट्या नौदलप्रमुखाच्या ओळखीच्या होत्या. तीन वर्षांपूर्वी तो तिथेच राहत होता. तीसहून अधिक जहाजं कामाला लागली. आपल्याच किनाऱ्यावर हाहाकार असताना श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियाकडेही भारतीय नौका गेल्या, पहिल्या काही तर एका दिवसाच्या आत. त्या दिवसांत टीव्हीवर हेलिकॉप्टरमधून दोरानं वर ओढली जाणारी माणसं आपण पाहिली. ज्या नौदलाकडे स्वतःचे वैमानिक नसतात, त्याला हे करता येत नाही. २००६ च्या जुलैमध्ये लेबनॉनमध्ये युद्ध पेटलं, तेव्हा बैरूतहून सुमारे २,२८० लोकांना चार नौकांनी बाहेर काढलं. त्यांत श्रीलंका आणि नेपाळचे नागरिकही होते.

मे २००५ मध्ये कारवारचा नवा नौदल तळ सुरू झाला. कोल्हापूरपासून कारवार काही फार लांब नाही, बेळगाव ओलांडून घाट उतरला की आलंच. आज 'आयएनएस विक्रमादित्य' तिथे असते. ही रशियाकडून घेतलेली नौका. करार जानेवारी २००४ चा, म्हणजे प्रकाश प्रमुख होण्याआधीचा. नौका फुकट, डागडुजीचे ९७ कोटी ४० लाख डॉलर, असा तो सौदा. ती प्रत्यक्षात २०१३ मध्ये मिळाली, तोवर आकडा दुपटीच्याही वर गेला होता. जुनी गाडी स्वस्तात घेऊन गॅरेजला पैसे ओतणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. विमानवाहू नौका हव्यात की नकोत हा वाद म्हणून आजही जिवंत आहे, आणि नको म्हणणारे मूर्ख नाहीत. एक नौका, तिची विमानं, तिच्याभोवती संरक्षणाला लागणाऱ्या इतर नौका, यांचा खर्च काढला की डोळे फिरतात. क्षेपणास्त्रं आता लांबून अचूक मारतात. माझं स्वतःचं मत हवं तर, त्सुनामीच्या आठवड्याकडे आणि १९७१ च्या बंगालच्या उपसागराकडे बघून मी 'हव्यात'च्या बाजूला उभा राहतो. पण तिसरी घ्यायच्या आधी दुसरीची बिलं नीट वाचावीत, एवढं सामान्य शहाणपण ठेवून.

३१ ऑक्टोबर २००६ ला प्रकाश निवृत्त झाले आणि गोव्यात राहायला गेले. गप्प मात्र बसले नाहीत. तिन्ही दलांचा एक प्रमुख असावा हा आग्रह ते लेखांतून धरत राहिले, नेत्यांना आणि स्वतःच्या जुन्या सहकाऱ्यांना न आवडेल असंही लिहीत राहिले. ते पद निर्माण होऊन पहिला माणूस त्यावर बसला तो १ जानेवारी २०२० ला. अंदमानचा प्रयोग सुरू झाल्यावर अठरा वर्षांनी.

त्यांच्यानंतर खुर्चीत बसलेले सुरीश मेहताही वैमानिकच. मग पुन्हा मोठी खंड पडली. २०१९ मध्ये करमबीर सिंग आले. हेलिकॉप्टरचा वैमानिक नौदलप्रमुख व्हायची ती पहिली वेळ.

हे वाचणारं कुणी बारावीत असेल तर एक व्यवहाराची गोष्ट. प्रबोधिनीच्या परीक्षेत भूदलासाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते. नौदल आणि हवाई दलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि आता मुलीही ती देतात. आमच्याकडे बरीच पोरं विषय सोडून बसतात आणि मग दोन वर्षांनी विचारायला येतात.

मराठी नावाशिवाय आमच्या लोकांचं समाधान होत नाही, म्हणून तेही सांगतो. हलकं लढाऊ विमान 'तेजस'ची नौदलासाठीची आवृत्ती बनवायला घेतली, तेव्हा दाबोळीला जमिनीवरच नौकेसारखा डेक बांधला गेला; पुढे चढण, मागे तारा. वर्षानुवर्षं तिथे घोटून झाल्यावर ११ जानेवारी २०२० रोजी ते विमान खऱ्या समुद्रात, विक्रमादित्यच्या डेकवर, तारेला अडकून थांबलं. भारतात बनलेलं लढाऊ विमान विमानवाहू नौकेवर पहिल्यांदाच उतरत होतं. आत बसले होते नौदलाचे टेस्ट पायलट, कमोडोर जयदीप मावळणकर. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते तिथूनच परत उडवलं.